टोपलीतल्या गोळ्या

खडकदरा, ता. राहुरी
१२ नोव्हेंबर २०२४

प्रिय शांतवनमामा,

प्रभूमध्ये सलाम.

फोन केला असता, पण फोनवर मी एक तर रडले असते नाही तर ओरडले असते, आणि तुम्ही म्हणाला असता, "करुणा, आधी पाणी पी." म्हणून लिहायला बसले.

आमच्या गावात हेमचंद्र सर म्हणून आहेत. विद्यापीठातून निवृत्त झाले, ओढ्याकाठी लिंबाची बाग केली आहे. देवधर्म मानत नाहीत. 'बांधावरून' नावाच्या साप्ताहिकात दर आठवड्याला गमतीचं सदर लिहितात. आजवर त्यांनी सरपंचाची टर उडवली, सोसायटीची उडवली, स्वतःच्या घरच्या पूजेचीही उडवली. या आठवड्यात आमची पाळी आली. ऑक्टोबरात इथं तीन दिवस चंगाई सभा झाली होती. आजाऱ्यांसाठी प्रार्थना करायला बाहेरून एक प्रचारक आले होते. त्या सभेवर सरांनी अख्खा लेख लिहिला आहे.

मी गिरणीत दळण आणायला गेले, तर तिथं त्याचं मोठ्यानं वाचन चाललं होतं. माणसं पोट धरून हसत होती. मला पाहिलं आणि एकानं हात वर करून "आमेन! आमेन!" केलं. मामा, एकोणीस वर्षं मी या गावच्या उपकेंद्रात सिस्टर आहे. त्या हसणाऱ्यांतल्या निम्म्यांच्या पोरांना मी पोलिओचे डोस पाजलेत. पिठाचा डबा उचलला आणि कुणाकडं न बघता घरी आले.

आमच्या चर्चच्या मंडळीचे चिटणीस कल्याण पारधे (शुगर फॅक्टरीत असतात) यांनी पोलिसांत द्यायचा अर्ज तयार केला आहे. भावना दुखावल्याचा. नंतर राहुरीत मूक मोर्चा काढायचा म्हणतात. आमचे पाळकसाहेब महिन्यातून दोनदाच उपासना घ्यायला येतात, त्यामुळे सगळ्यांचं मत पडलं की पहिली सही तुमची हवी. चाळीस वर्षं पाळकपण केलेला माणूस पुढं असला की अर्जाला वजन येतं. अर्जाची प्रत सोबत आहे.

तुमची,
करुणा

*

मिरजगाव, ता. कर्जत
१७ नोव्हेंबर २०२४

चि. करुणास,

अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून या वयातही रक्त तापलं. ज्यांच्या आज्या मिशनच्या दवाखान्यात बाळंत झाल्या, ज्यांचे बाप मिशनच्या शाळेत बाराखडी शिकले, त्यांनी आज आपल्या प्रार्थनेवर हसावं! तू मान खाली घालू नकोस. ठेच लागलेलं माणूस खाली बघतं, तू का बघावंस?

मोर्चाला मी येईन. गुडघे कुरकुरतात, पण मिरजगावहून नगरपर्यंत एसटी आहे आणि पुढे तुमचा कल्याण मोटारसायकल घेऊन येईलच.

सहीचं मात्र एक आहे. तो लेख मला पाठव. न वाचता सही करायचं मी सोडलं आहे. एकदा मिशनच्या ऑफिसात अशी सही केली होती, बाकांच्या जागी दोन घंटा आल्या होत्या आणि वर्षभर लोक जमिनीवर बसून त्या घंटा ऐकत होते.

तुझा,
शांतवनमामा

*

खडकदरा
२१ नोव्हेंबर २०२४

प्रिय मामा,

सलाम.

कात्रण पाठवते आहे. छपाई बारीक आहे, तुमच्या डोळ्यांना त्रास होईल, म्हणून मुख्य भाग माझ्या हातानं उतरवून देते:

"आमच्या गावात नुकतीच 'विनाऔषध योजना' सुरू झाली. लाभार्थ्यानं एवढंच करायचं, घरातल्या गोळ्या आणायच्या आणि स्टेजसमोरच्या टोपलीत टाकायच्या. आधार कार्ड लागत नाही, दाखला लागत नाही. गुण आला तर तो देवाचा. नाही आला तर लाभार्थ्याचा विश्वास कमी पडला. यशाचा मालक वर बसलेला आणि अपयशाचा मालक पेशंट, इतकी सोयीची योजना आजवर कोणत्याही सरकारला सुचली नव्हती. आमच्या ओळखीची एक म्हातारी फुकटात बरं व्हायच्या मोहानं शुगरच्या गोळ्या टाकून आली. आता ती एका पायानं लंगडते आणि दोन्ही हातांनी टाळ्या वाजवते."

वाचलंत ना? आता सही करून लवकर पाठवा. कल्याण रोज विचारतात.

करुणा

*

मिरजगाव
२५ नोव्हेंबर २०२४

चि. करुणास,

आशीर्वाद.

आधी कबूल करतो, मी हसलो. एकदा नाही, दोनदा. "यशाचा मालक वर" इथं तर इतक्या मोठ्यानं हसलो की सूनबाई हातातलं लाटणं घेऊन बघायला आली.

मग हसू ओसरलं आणि पुन्हा वाचलं. चार वेळा वाचलं. तुम्ही अर्जात लिहिलंय की देवाची विटंबना झाली. मी त्या लेखात देव शोधला. मला तो सापडला नाही. टोपली आहे, स्टेज आहे, टाळ्या आहेत, आपण आहोत. चिडायचं तर कुणाच्या वतीनं चिडायचं, हेच मला कळेना.

आता मला चार गोष्टी सांग. ती टोपली खरोखर होती का? ती म्हातारी खरी आहे का? असली तर तिचा पाय आज कसा आहे? आणि तू त्या दिवशी कुठं होतीस?

आणखी एक. कात्रण खालच्या बाजूनं कात्रीनं कापलेलं दिसतं. वर्तमानपत्र इतकं सरळ फाटत नाही.

सही केलेली नाही. रागावू नकोस.

मामा

*

नगर
१ डिसेंबर २०२४

प्रिय मामा,

सलाम. हे पत्र दवाखान्याच्या वऱ्हांड्यात बसून लिहिते आहे. का, ते सांगते.

कापलेल्या भागात हे होतं: "या मंडळीत एक सिस्टर आहेत. सोमवार ते शनिवार त्या गोळ्या वाटतात आणि रविवारी त्याच गोळ्या टोपलीत पडताना 'आमेन' म्हणतात. त्यांचा पगार कोणत्या खात्यातून काढावा, याचा शासनानं विचार करावा."

गिरणीत लोक या ओळीवर हसले होते. मला ती तुमच्यापासून लपवायची होती. मोर्चा, अर्ज, भावना, सगळं मी या ओळीवर पांघरूण म्हणून ओढत होते.

टोपली खरी होती. प्रचारक म्हणाले, "ज्याला विश्वास आहे त्यानं या गोळ्यांच्या कुबड्या टाकाव्यात." लोक रांगेनं उठले. म्हातारी म्हणजे कडूबाई. पासष्टीची आहे, आयुष्यभर ऊस तोडला, आता सरांच्या बागेत लिंबं वेचते. तिनं माझ्यासमोर पाकीट टाकलं. आठ दिवसांपूर्वी मीच दिलेलं. तारखेचा शिक्का माझ्या हातचा. मी तिसऱ्या रांगेत होते आणि बाकीच्यांबरोबर आमेन म्हणाले.

मनात म्हटलं, सोमवारी जाऊन गुपचूप दुसरं पाकीट देईन. सोमवारी गेले नाही. सिस्टरचाच विश्वास नाही म्हणतील, ही भीती. असं करत पाच आठवडे गेले. तिच्या गल्लीतून मी जाणंच सोडलं होतं, मामा.

तुमचं पत्र गुरुवारी दुपारी मिळालं आणि मी तशीच निघाले. कडूबाई दारात बसली होती. पायाला फडकं गुंडाळलेलं. बाभळीचा काटा लागल्याचं निमित्त झालं होतं. फडकं सोडलं आणि मला जे दिसलं ते लिहीत नाही. अंगठ्याशेजारची दोन बोटं काळी पडली होती.

म्हटलं, "कडूबाई, आत्ता निघायचं. दवाखान्यात."

"न्हाई गं बाई. आता गेले तर म्हनतील, कडूबाईचा इस्वास निम्म्यात मोडला. गिरनीवाले हसत्यात ते येगळंच."

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. म्हटलं, "त्या दिवशी मी आमेन म्हणाले ते खोटं होतं. तू गोळ्या टाकू नयेस असं मला वाटत होतं. मी बोलले नाही."

ती शांतपणे म्हणाली, "मला ठावं हाय. तू माझ्याकडं बघत न्हवतीस."

"मग का टाकल्यास?"

"समदे उठले. मी एकलीच बसले असते तर कसं दिसलं असतं?"

ॲम्ब्युलन्सला फोन लावला, ती दूर गेली होती, दोन तास लागणार होते. गावात त्या वेळी गाडी एकाच माणसाच्या दारात होती. मी ओढ्याकाठी गेले. सर लिंबं पोत्यात भरत होते. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "या सिस्टर. अर्ज दाखवायला आलात का?"

म्हटलं, "कडूबाईचा पाय सडतोय. गाडी हवी आहे."

त्यांच्या हातातलं पोतं तसंच खाली गेलं. किल्ली आणायला आत गेले आणि बाहेर येताना बोलू लागले, "तीन वेळा सांगितलं तिला, गोळ्या सुरू कर. ऐकेना. तुमच्यापैकी कुणाला सांगावं तर म्हणाल, हा नास्तिक. म्हटलं चिडवू, चिडून तरी कुणी तिच्या दारात जाईल." मग म्हणाले, "मजाही आली लिहिताना. खोटं कशाला बोलू?"

मी म्हटलं, "एका ठिकाणी चुकलात सर. तिला मोह नव्हता. फुकटात बरं व्हायचं नव्हतं तिला. ती चारचौघांतून वेगळी पडायला घाबरली. मीही घाबरले. आणि तुमचा लेख गिरणीत ऐकून ती अजून घट्ट बसली."

त्यांनी गाडी चालू केली. कडूबाईच्या दारात उतरले, हात जोडले आणि म्हणाले, "कडूबाई, मी तुमच्यावर हसलो. चुकलं."

कडूबाई म्हणाली, "हसलात ते हसलात. आता मला उचला."

काल दोन बोटं काढली. डॉक्टर म्हणाले, अजून आठवडा गेला असता तर पाय गेला असता. ती आत झोपली आहे. सर खाली चहा आणायला गेलेत.

आता सांगा, मंडळीला काय सांगू? कल्याण म्हणतात, माघार घेतली तर गावात अजून हसू होईल.

करुणा

*

मिरजगाव
६ डिसेंबर २०२४

चि. करुणास,

आशीर्वाद. कडूबाईचा पाय वाचला याबद्दल देवाचे उपकार मानून हे पत्र सुरू करतो. शेवटपर्यंत वाचशील अशी आशा आहे.

तू जे पाच आठवडे केलंस ते मी आठ महिने केलं होतं.

तुला आठवत असेल, सहावीला तू आमच्याकडे शिकायला आलीस, तेव्हा मी शेवगावकडच्या मंडळीत होतो. तुझ्या रूथमामीला छातीत गाठ लागली ती त्याच वर्षी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पंधरा दिवसांत ऑपरेशन करून घ्या. त्याच्या आदल्या रविवारीच मी उपदेशात सांगून बसलो होतो की विश्वासानं मागितलेलं देव नाकारत नाही. लोकांच्या कानावर मामीचं दुखणं गेलं होतं. पुढच्या रविवारी मी सगळ्यांसमोर म्हणालो, "रूथ बरी होणार. मला खात्री मिळाली आहे." कसली खात्री, करुणा? मी खूप घाबरलो होतो आणि मोठ्यानं बोललो होतो.

बाजाराच्या कोपऱ्यावर गोरक्षनाथ शिंपी बसायचा. माझे झगे तोच शिवायचा. एकदा माप घेताना हसून म्हणाला, "साहेब, देव असाच बरं करतो तर तुमच्या मिशननं एवढा दवाखाना कशाला बांधला? भरवसा न्हवता व्हय?" दुकानातले चार लोक हसले. मी झगा तिथंच टाकून निघालो आणि शिंपी बदलला.

मामी मला दोनदा म्हणाली, "जाऊ या का हो?" मी म्हणालो, "आता गेलो तर लोक काय म्हणतील? त्या गोरक्षनाथाला आयतंच मिळेल." तिसऱ्यांदा तिनं विचारलं नाही.

नेलं तेव्हा ऑपरेशनची वेळ निघून गेली होती. आम्ही सगळ्यांना सांगितलं, दुखणं उशिरा कळलं. तुझ्या आईला तेच सांगितलं, तुलाही तेच. उशिरा कळलं नव्हतं. वेळेत कळलं होतं.

मातीच्या दिवशी गोरक्षनाथ दुकान बंद करून आला. पेटीला खांदा दिला. हसला नाही. त्या दिवशी तो हसला असता तर मी त्याचा ऋणी झालो असतो, कारण मग मला त्याचा राग धरता आला असता.

इतकी वर्षं मी समजत होतो की मी देवाची अब्रू राखत होतो. तुमच्या सरांचं कात्रण वाचताना कळलं, अब्रू माझी होती. आपल्या प्रभूला लोकांनी जांभळा झगा घालून, काट्यांचा मुकुट घालून हसण्यावारी नेलं. क्रूसाखाली उभे राहून म्हणाले, खाली उतरून दाखव. तो उतरला नाही. त्यानं कुणाला काही दाखवलं नाही. मी मात्र कुणी हसलं की उतरून दाखवायला निघालो, आणि त्यासाठी रूथला पुढं केलं.

हे पत्र मंडळीत वाच. अर्जाचं काय करायचं ते त्यांनी ठरवावं. माझी सही मिळणार नाही.

शांतवनमामा

*

मिरजगाव
२४ डिसेंबर २०२४

चि. करुणास,

नाताळच्या आधीचा दिवस आहे. तुझं पत्र नाही. मागतही नाही. ज्याला लिहावंसं वाटत नाही त्याला न लिहिण्याचा हक्क आहे. सूनबाईनं करंज्या केल्यात, तुझ्या वाटणीच्या वेगळ्या काढून ठेवायला सांगितल्या आहेत.

मामा

*

खडकदरा
१२ जानेवारी २०२५

मामा,

सलाम.

तुमचं पत्र येऊन महिना झाला. मधल्या दिवसांत मी तुम्हाला मनातल्या मनात बरीच पत्रं लिहिली. ती पोस्टात टाकण्यासारखी नव्हती.

मी बारा वर्षांची होते. शाळेतून आले की मामीला पेज भरवायचे. ती म्हणायची, "करुणा, तू मोठी होऊन दवाखान्यात काम कर." मी नर्सिंगला गेले ते त्यामुळं. एकोणीस वर्षं गावोगावच्या बायांना सांगत आले, "गाठ लागली की लगेच दाखवा, लाजू नका. माझ्या मामीचं उशिरा कळलं." दर महिन्याला, दर बैठकीत. तुमच्या खोट्याचा आधार घेऊन मी खरं सांगत होते. ते ऐकून काही बाया वेळेत गेल्या आणि आज नातवंडं खेळवतात. त्यांना काय सांगू? मला काही दिवस हेच सुचत नव्हतं. नाताळची गाणी म्हणायला उभी राहिले आणि पुन्हा खाली बसले.

कडूबाईचं ड्रेसिंग मी रोज करते. तिनं विचारलं, "काय झालंय गं तुला?" सगळं सांगितलं. वाटलं होतं, ती माझ्या बाजूनं बोलेल.

ती पायाकडं बघत म्हणाली, "तुझा मामा भ्याला. लोक हसतील म्हून भ्याला. मी बी त्याच्यापायीच टोपल्यात हात घातला. तू बी त्याच्यापायीच गप बसलीस. मंग माझा पाय धुतीस रोज, आन् त्याला एकट्याला येगळा कशाला काढतीस?"

मी पट्टी बांधून बाहेर आले आणि तिच्या ओट्यावर बसून पोटभर रडले.

क्षमा केली, हे शब्द लिहायला अजून जड जातात. पण तुम्ही मला खोट्यात ठेवून मेला नाहीत, याबद्दल तुमचे उपकार मानते. हे खरं आहे, म्हणून लिहिते.

गेल्या रविवारी पत्र मंडळीत वाचलं. आधी माझं सांगितलं, तिसऱ्या रांगेतलं, मग तुमचं. गोरक्षनाथ शिंप्याच्या प्रश्नाला पुढच्या बाकावरचे हनुमंत मास्तर फसकन हसले आणि लगेच डोळे पुसायला लागले. कल्याणनी अर्ज चार घड्या करून खिशात घातला. सोमवारी सकाळी मी उपकेंद्राचं कुलूप काढत होते, तर ते आईला घेऊन उभे. म्हणाले, "आईचं बीपी बघा. तिनं पण टाकल्या होत्या." संध्याकाळपर्यंत अकरा जण आले. अकरा, मामा. मी इतके दिवस एकाच पाकिटाचा विचार करत होते.

करंज्या अजून असतील तर ठेवा.

करुणा

*

खडकदरा
३ फेब्रुवारी २०२५

प्रिय मामा,

प्रभूमध्ये सलाम.

काल आमची हंगामाची उपकारस्तुती झाली. वेदीपुढं ज्वारीची कणसं, कांदे, भोपळे, दोन कोंबड्या, आणि मधोमध पाटीभर लिंबं. लिंबं हेमचंद्र सरांची. त्यांना बोलावलं कडूबाईनं. ते शेवटच्या बाकावर हाताची घडी घालून बसले होते, चुकून कुणी त्यांचा बाप्तिस्मा करील अशा भीतीनं.

त्यांनी पुढच्या एका अंकात खुलासा छापला होता, तो तुम्हाला सांगायचा राहिला: "म्हातारीच्या मोहाविषयी लिहिलं ते चूक होतं. तिला मोह नव्हता. बाकीचं तसंच ठेवावं." बस, एवढंच. आणि गेल्या आठवड्यात पुन्हा लेख आला, आमच्या गायनमंडळावर. लिहिलंय की आमची पेटी एका सुरात असते आणि मंडळी दुसऱ्या, तरी सगळे एकाच वेळी थांबतात, हा खरा चमत्कार. कल्याणनी तो सरावाच्या वेळी स्वतः वाचून दाखवला. मग पेटी दुरुस्तीला दिली.

उपकार मानायची वेळ आली तेव्हा कडूबाई काठी टेकत उठली. म्हणाली, "देवा, डाक्टरचे उपकार. गोळ्यांचे उपकार, आता रोज घेते. आठ बोटं ठेवलीस त्याचे उपकार. दोन गेली ती बी लई चालली माझ्यासंगं, त्यांचे बी उपकार. आन् ह्या सरांचे उपकार, ते तुला मानीत न्हाईत तरी."

सगळं चर्च हसलं. सर मागून म्हणाले, "बोटांच्या नंतर लागला आमचा नंबर!" पुन्हा हसू. चर्चमध्ये इतकं मोकळं हसलेलं मी प्रथमच ऐकलं.

नंतर अंगणात जेवणं चालली होती, तिथं त्यांनी मला गाठलं. म्हणाले, "सिस्टर, औषध डॉक्टरचं, गाडी माझी, ड्रेसिंग तुमचं. मग प्रार्थना कशाला लागते अजून?"

त्यांचा प्रश्न टोचणारा असतो, पण आता मला तो चुकवावासा वाटत नाही. म्हटलं, "सर, ऑपरेशननंतर ती शुद्धीवर आली, तेव्हा तुम्ही दाराशी होता. तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, काहीतरी म्हण. त्या वेळी द्यायला माझ्याजवळ गोळी नव्हती, गोळ्या सगळ्या देऊन झाल्या होत्या. मी प्रार्थना म्हटली. बोटं परत दे असं मागितलं नाही. तू इथं आहेस ना, एवढंच विचारलं. ती ऐकता ऐकता झोपली. तुम्ही काय केलं असतं?"

त्यांनी ताटातला भात कालवला. म्हणाले, "मी बाहेर जाऊन चहा आणला होता." मी म्हटलं, "तोही लागत होता."

त्यांना आपलं सगळं कळलं असं नाही, आणि कळावं म्हणून मी धडपडतही नाही. ते हसले तर आधी बघते, खरं कुठं आहे. असलं तर घेते. नसलं तर त्यांना सांगते, चुकलात. अर्जापेक्षा हे बरं चाललंय.

मामा, मी तुम्हाला क्षमा केली आहे. आज लिहिता आलं.

तुमची,
करुणा

*

मिरजगाव
१९ फेब्रुवारी २०२५

चि. करुणास,

आशीर्वाद.

तुझं पत्र मी खिशात घालून फिरतो. शेवटची ओळ रोज एकदा वाचतो. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसानं असं करावं का, ते विचारू नकोस.

ते वाचल्यावर वाटलं, खडकदऱ्यात पत्र वाचलं गेलं, पण मी ज्या लोकांत राहतो त्यांना अजूनही मी विश्वासाचा मोठा माणूस वाटतो. इथले पाळक तरुण आहेत. त्यांच्याकडे दहा मिनिटं मागितली. नऊ तारखेच्या रविवारी उभा राहिलो आणि रूथची सगळी हकिगत सांगितली. दोनदा तिनं विचारलं ते सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं नाही ते सांगितलं. आवाज मधेच गेला, पाळकांनी पाण्याचा पेला दिला. तू असतीस तर म्हणाली असतीस, आधी पाणीच प्यायला हवं होतं.

कुणी हसलं नाही. हसले असते तरी चाललं असतं.

उपासना सुटल्यावर लोक हात मिळवून गेले. काहींनी हात मिळवला नाही. एक जुने पंच मला म्हणाले, "हे सांगायची काय गरज होती?" मी म्हणालो, "मला होती." मी बाकावर बसून राहिलो. समोर कुणीतरी येऊन थांबलं. वर बघतो तर पंकजा. अंगणवाडीत काम करते, चाळिशीची आहे, दर रविवारी फुलं तीच ठेवते. तिच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत दवाखान्याची एक फाईल होती.

म्हणाली, "साहेब, ही सप्टेंबरपासून पेटीत कपड्यांखाली आहे. मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. प्रार्थना करत होते. आता घरी पळत जाऊन आणली."

मी फाईल उघडली नाही. विचारलं, "केव्हा निघायचं?"

"तुम्ही याल?"

सोमवारी सकाळच्या एसटीनं आम्ही तिघं नगरला गेलो. ती, तिचा नवरा आणि मी. नवऱ्याला तिनं रविवारी संध्याकाळीच सांगितलं होतं. तो सबंध रस्ता तिची पिशवी मांडीवर धरून बसला होता. मी प्रार्थना करत होतो. काय मागत होतो ते मला नीट सांगता येणार नाही. तिच्या शेजारी बसून होतो, एवढं खरं.

तपासण्यांना चार दिवस लागले. पुढच्या सोमवारी पुन्हा गेलो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी फोटो उजेडात धरून बघितले, कागद उलटसुलट केले, पंकजाला काही प्रश्न विचारले. ऑपरेशनची तारीख दिली, येत्या मंगळवारची. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि तिच्याकडे बघून म्हणाल्या, "घाबरू नका. वेळेत आलात."

मामा